सुनेच्या पायांचं औषध

र्युसेल्सहाइम, जर्मनी, नोव्हेंबर २००८, मंगळवार

डॉक्टरपुढे कसली आलीय भीडभाड! रोज संध्याकाळी सुनेचे पाय लाकडासारखे ताठतात, दुखण्याने ती उशीत तोंड खुपसून रडते. इथलं सरकार आता एकेका रोग्याला औषध म्हणून गांजाची परवानगी देतं, पण बाकी औषधं लागू पडली नाहीत असं डॉक्टरने लिहून दिलं तरच. आज त्याने विचारलं, "फार दुखतं का?" तर ही हसून म्हणाली, "ठीक आहे."

मग तो कशाला लिहील?

घरी झापलं तर म्हणते, "अहो आई, परक्यापुढे कसं रडायचं?" ठीक आहे म्हणे! गावाकडे शिवरात्रीला भांग पिऊन लोळणाऱ्यांना कुणी परवानगी विचारली होती?

शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. हिने गप्प बसायचं. उत्तर मी देणार, आणि लेकाने ते एकही शब्द न गाळता जर्मनमध्ये सांगायचं.