वांगी रंगाच्या मोटारसायकलीची व्यवस्था

प्रथम एक तक्रार नोंदवून घ्यावी. माझ्या मोटारसायकलीच्या नोंदणीपुस्तकात रंगाच्या रकान्यात 'काळा' असे लिहिले आहे. हे असत्य आहे. ती गडद वांगी रंगाची आहे. तो रंग मी तीन डबे मिसळून, सात हात देऊन, स्वतः समोर उभा राहून लावून घेतला. ज्या कारकुनाला भर उन्हात हा फरक दिसला नाही, त्याला मी आजतागायत क्षमा केलेली नाही. मृत्युपत्रात मिळकतीचे वर्णन अचूक लागते असे वकीलबाई म्हणतात, म्हणून सुरुवात इथून.

मी, वय अठ्ठावन्न, धंदा वार्ताहराचा, एकतीस वर्षे एकाच दैनिकाला बातम्या पुरवत आलेला, हा लेख स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी बुद्धीपुरतेच विचारले. बाकीच्या अवयवांचे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. घर तिनेच उभे केले, मी त्यात राहिलो.

कलम २. संस्कृतचे कोश व व्याकरणाची पुस्तके, जिथे माझे वडील शिकवत त्या शाळेला द्यावीत. मी पंडित व्हावे ही त्यांची इच्छा होती. मी गाड्यांच्या नादी लागलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "रूपं पाठ होत नाहीत तर निदान रस्ते तरी पाठ कर." तेवढी आज्ञा मी पाळली आहे. मागच्या पेटीवर 'शनैः शनैः' अशी अक्षरे रंगवून घेतली, ती त्यांच्यासाठीच. विसर्ग रंगाऱ्याने आधी गाळले होते. मी ते मागाहून घालून घेतले.

कलम ३. मोटारसायकल. वजन पावणेचारशे किलो. बाजूला दोन पेट्या, मागे एक मोठी, पुढे वाऱ्याला अडवणारी काच. कारखान्यातून आली ती गाडी आणि आज मागच्या अंगणात उभी आहे ती गाडी, यांत दगड आणि मूर्ती एवढे अंतर आहे. हँडल चार बोटे मागे घेतले. पुढची सीट दोन इंच उतरवली. क्लच इतका हलका करून घेतला की दोन बोटांनी दाबावा. हे सारे सौंदर्यदृष्टीने केले, असे मी सर्वांना सांगत आलो आहे.

पण खरी मूर्ती मागची सीट. सहा वर्षांपूर्वी पत्नीच्या कंबरेचे ऑपरेशन झाले आणि तिला सांगण्यात आले की लांबचा प्रवास आता विसरा. ती घरी येऊन म्हणाली, "म्हणजे मी खिडकीत बसू, आणि तुम्ही एकटेच गावं बघत फिरणार?" दुसऱ्या दिवशी मी सीटवाल्याला गाठले. त्याने तिला ओल्या वाळूच्या पोत्यावर अर्धा तास बसवून साचा घेतला आणि त्या मापाने फोम कापला. पाठ दोनदा बनवली, दोनदा फाडली. हात टेकायला दोन्ही बाजूंना आधार दिले. तिसऱ्या वेळी निघालो, तर विसाव्या किलोमीटरला तिचे हेल्मेट माझ्या पाठीवर टेकले. मला वाटले, शुद्ध गेली. थांबून वळून पाहतो तर बाई घोरत होत्या.

डोळे उघडून म्हणाली, "अहो, थांबलात कशाला? बरी झोप लागली होती."

वार्ताहर म्हणून मला एक पुरस्कार मिळाला आहे. त्या घोरण्याची सर त्याला नाही.

कलम ४. पत्नीचे बंधू, म्हणजे माझे मेहुणे, या गाडीला पहिल्या दिवसापासून 'सोफा' म्हणतात. "भाऊजी, शेगडी तेवढी बसवायची राहिली बघा!" हा विनोद त्यांनी माझ्या मोजणीने अकरा वेळा केला. त्यांना मागच्या पेटीतला घडीचा स्टूल मिळावा. बसून नावे ठेवायला सोयीचे पडेल.

कलम ५. सर्व पाने, स्क्रू ड्रायव्हर व हातपंप मिस्त्रीला. खरे तर तो साक्षीदार व्हायचा. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगताच तो म्हणाला, "मग साक्ष दुसऱ्याची घ्या, पाने मला द्या." गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे क्लच अजून हलका करायला गेलो होतो. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "पंडित, दांडी मागं घेतली, सीट खाली घेतली, क्लच लोण्यासारखा केला. आता बदलायला एक चालवणाराच उरलाय." मी हसलो. तो हसला नाही.

कलम ६. गाडी माझ्या पश्चात मुलीची. ती माझ्यापेक्षा सफाईने वळणे घेते, हे मी इथे प्रथमच आणि लेखी मान्य करतो. मूळचे हँडल व पुढची सीट माळ्यावर आहेत, माझ्याच बातम्यांच्या कागदात गुंडाळलेली. ती उंच आहे, तिने ती खुशाल बसवावीत. मात्र तिची आई बसते आहे तोवर मागच्या सीटला सुई लावू नये. हे तिला वाचून दाखवले तर म्हणाली, "बाबा, द्यायचीच आहे तर आत्ता द्या ना." मी तिला लोभी वारस म्हटले आणि चावी खिशात टाकली.

येथवरचे सर्व वाचून, समजून सही केली.

स्थळ: राहत्या घराचे मागचे अंगण, गाडीशेजारी
दिनांक: १८ फेब्रुवारी, मंगळवार

(सही) लिहून ठेवणार, वार्ताहर
साक्षीदार: १. (सही) डॉक्टर
२. (सही) सीटवाला

सह्यांच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणूनच हे इथे लिहितो, आणि हा कागद आज पत्नीच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतो. तोंडाने सांगणे मला तीनदा जमले नाही.

येत्या रविवारी तिला धरणापर्यंत नेण्याचे मी कबूल केले आहे. मागच्या फेरीला रेल्वेच्या फाटकाशी थांबलो असताना गाडी आपोआप पुढे सरकली. पुढच्या ट्रकपासून वीतभर अंतर राहिले. क्लच माझ्या हातून सुटला होता आणि सुटल्याचे मला कळले नव्हते. डाव्या हाताची बोटे गेले वर्षभर मधूनच बधिर होतात. मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. मला भीती वाटते ती एवढीच, की त्या वेळीही ती मागे झोपलेली होती.