एकाच खात्यातली गाणी

प्रिय रश्मे,

आली गं, आली! पाचशे एक्क्याऐंशी गाणी आली! एका अॅपातून निघाली आणि दुसऱ्यात जाऊन बसली, चहा पिऊन होईपर्यंत. पूर्णिमेच्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात मी खुर्चीवरून उठून टाळीच वाजवली. शेताच्या खसऱ्याची नक्कल काढायला आलेले दोन म्हातारे दचकले. त्यांना वाटलं, बुढीची पेन्शन मंजूर झाली. मी म्हटलं, पेन्शन काय घेऊन बसलात, त्याहून मोठं काम झालंय, तुम्ही आपले कागद सांभाळा.

पत्र पाहून घाबरू नकोस. घरात कुणी मेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही. पत्ता पूर्णिमेकडून घेतला. देत नव्हती. मी म्हटलं, लहानपणी तुम्हा दोघींच्या डोक्यातल्या उवा मी एकाच फणीने काढल्यात, मला नाही म्हणतेस? मग दिला. अक्षर माझंच आहे. तुकईथडच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, पुढे आईने वासरामागे धाडलं, त्यामुळे जमेल तसं वाच. चार दिवसांपासून लिहिते आहे, तुझी आई रंजिता विचारते काय लिहिता, मी सांगते रेशनचा अर्ज.

आता मुळापासून सांगते. संक्रांतीच्या आधी मोबाईलवर निरोप आला. रंजिताला वाचायला लावला. लिहिलं होतं की हे गाण्याचं अॅप एकतीस तारखेला कायमचं बंद होणार, आपल्या आवडीची गाणी दुसरीकडे घेऊन जा. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. रंजिता म्हणाली, आई, गाणी काय कुठेही मिळतात, तेवढ्यासाठी परेशान कशाला होता. तिला काय सांगणार? मला गाणी हरवायची भीती नव्हती. मला ती यादी हरवायची भीती होती.

तुला आठवत असेल, तूच मला तुझा जुना मोबाईल दिलास आणि तुझंच लॉगिन त्यात घालून दिलंस. आपल्या घरात प्रत्येकाचं वेगळं खातं कशाला, एक आहे ना, त्यातच सगळे. टूथपेस्ट एक, छत्री एक, तसं गाण्याचं खातंही एक. आवडलं तर इथला बदाम दाब, म्हणालीस, की गाणं यादीत जमा. मग फाल्गुनात तू बॅग घेऊन पुण्याला निघून गेलीस, ते जे झालं ते होऊन. खातं मात्र तसंच राहिलं. तू तुझ्याकडून काढलं नाहीस, मला काढता येत नव्हतं. आणि येत असतं तरी काढलं नसतं, आता लिहूनच टाकते.

पहिला महिना काही नाही. मग एका सकाळी चहा ठेवून मोबाईल उघडला तर यादीत सगळ्यात वर एक नवं गाणं. मी दाबलेलं नव्हतं. रंजिताला तर मिक्सरचं बटण धड दाबता येत नाही. मग कुणी दाबलं? मी चहा उतू जाऊ दिला आणि ते गाणं दोनदा ऐकलं. अगदी फालतू गाणं होतं, नुसता ढोल. पण मला कळलं की पोरगी जिवंत आहे आणि तिला नाचावंसं वाटतंय. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी यादी पाहते, मग देवाला दिवा लावते. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

आषाढात तू एका आठवड्यात अठरा रडकी गाणी दाबलीस. नोकरीत काही झालं का गं? की ताप आला होता? मला दुसरं काही सुचलं नाही, मी गुलाबाईचं एक गाणं शोधलं, पोरी भादव्यात म्हणतात ते, भादव्याला अजून वेळ होता तरी, आणि दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर तू गुलाबाईचंच दुसरं गाणं दाबलेलं! मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. रंजिताने वळून पाहिलं आणि परत कणीक मळायला लागली.

आणि ते भांडण विसरलीस का? मला राग आला होता एकदा, दिवाळीलाही आली नाहीस म्हणून. मी मुद्दाम ते कीर्तन दाबलं, त्यात महाराज म्हणतात की आजकालच्या मुलांना आईबापाची किंमत नाही. दुपारी पाहते तर बदाम काढलेला. मी परत दाबला. संध्याकाळी परत काढलेला. तीन दिवस आपण दोघी त्या एका बदामावर भांडलो. चौथ्या दिवशी मीच सोडून दिलं. महाराजांचा आवाजही काही खास नाही.

मी सकाळी भजन लावायचे आणि ते अर्ध्यात बंद पडायचं. समोर अक्षरं यायची, दुसऱ्या फोनवर गाणं चालू आहे. रंजिता म्हणायची, नवं अॅप घेऊ, यात हे रोजचंच आहे. मी तिला गप्प बसवायचे. पावणेनऊला भजन तुटलं म्हणजे तू बसमध्ये बसलीस. नऊ वाजले तरी तुटलं नाही की मी खिडकीपाशी जाऊन उगाच उभी राहायचे, जणू तू आपल्या इथल्या लालबागेच्या रस्त्यानेच येणार आहेस. आणि मागच्या महिन्यात मला ताप होता, पाच दिवस मी मोबाईलला हात लावला नाही, तेव्हा तू पूर्णिमेला फोन करून विचारलंस ना, आजीचं भजन बंद का आहे म्हणून? तिने मला सांगितलं. सांगू नको म्हणाली होतीस तरी सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला चिमटा काढला होता.

तर अशी ती यादी. ती एकतीस तारखेला बुडू द्यायची? मी मोबाईल पदरात बांधला आणि पूर्णिमेचं दुकान गाठलं. ती म्हणाली, आजी, होतं, एक साइट आहे, या अॅपातून सगळं उचलते आणि त्या अॅपात ठेवते. फक्त आत जायला कोड लागेल. मी म्हटलं, माग. तर म्हणते, कोड रश्मीच्या नंबरवर जाईल.

मी मोबाईल परत पदरात बांधायला घेतला. अकरा महिन्यांत तुझं आणि या घराचं धड बोलणं झालेलं नाही. तुझ्या बापाने फोन केला, तू उचलला नाहीस. तुझ्या आईने केला, तू बरी आहे एवढं म्हणून ठेवलास. मी तर केलाच नाही. आणि आता मीच मागायला जायचं! पूर्णिमा म्हणाली, मी मागते. मी म्हटलं, नाही, माझ्या फोनवरून लिही. लिही की कोड आला असेल तो पाठव, आजी. एवढंच. ती म्हणाली, खुशाली विचारू का? मी म्हटलं, कोड दहा मिनिटांचा आहे, खुशाली विचारत बसलीस तर संपेल.

मग बसलो. तुझा बाप भूपेंद्र केळीची गाडी भरून त्याच रस्त्याने चालला होता, मला दुकानात पाहून उतरला. काय झालं विचारलं. पूर्णिमेने सांगून टाकलं. तरी तो गेला नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हा मख्खासारखा उभा. पाच मिनिटं झाली. सहा झाली. मी पूर्णिमेला म्हटलं, तुझं घड्याळ पुढे आहे. सातव्या मिनिटाला फोन थरथरला.

सहा आकडे. ना आजी, ना कशी आहेस, नुसते सहा आकडे. पूर्णिमेने घाईघाईत भरले आणि दार उघडलं! भूपेंद्र म्हणाला, काय लिहिलंय तिने, दाखव. मी फोन दिला. कितीतरी वेळ पाहत राहिला. बारावी पास माणसाला सहा आकडे वाचायला एवढा वेळ लागतो का? मग फोन परत दिला, डोळ्यात धूळ गेली म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. दुकानाच्या काचा बंद होत्या. धूळ कुठली?

सहाशे चौदा गाण्यांपैकी पाचशे एक्क्याऐंशी आली. पूर्णिमा म्हणाली, झालं काम. मी म्हटलं, झालं कसं, तपासायला नको? आठ दिवस मी जुना फोन डाव्या मांडीवर आणि रंजिताचा फोन उजव्या मांडीवर घेऊन बसले. इकडे एक ऐकायचं, तिकडे तेच ऐकायचं. पोरी, त्या मशीनला अक्कल नाही! नाव सारखं दिसलं की उचललं. माझ्या काकड आरतीच्या जागी कुणीतरी त्याच नावाचा धांगडधिंगा लावलेला. तुझ्या त्या ढोलाच्या गाण्याच्या जागी एक बाई संथ गळा काढून रडतेय. एकोणसाठ चुका मी धरल्या आणि एकेक बदलून घेतल्या. पूर्णिमा म्हणते, आजी, तुम्हाला नोकरीवर ठेवते. मी म्हटलं, परवडणार नाही मी तुला.

नवं खातं या वेळी माझ्या नंबरवर आहे. म्हणजे तुला आत यायचं असेल तर कोड माझ्याकडे येईल. आणि मी आकडे लिहून पाठवणारी बाई नाही.

आता जे चार दिवस लिहायचं टाळत होते ते लिहिते. खात्याचं दार उघडलं तेव्हा आत फक्त आवडीची यादी नव्हती. कोणकोणती यादी न्यायची त्यावर खुणा करायच्या होत्या. पूर्णिमेने पहिल्यावर खूण केली आणि भराभर खाली सरकवायला लागली. मला तिची ती घाई आवडली नाही. मी म्हटलं, मागे ने. नेत नव्हती. मी तिचा हात धरून मागे नेला आणि बोट ठेवून वाचलं. हळद, अठरा फेब्रुवारी. पूर्णिमेकडे पाहिलं तर ती खाली मान घालून स्टेपलरशी खेळत होती. तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, हीपण घे.

बारा गाणी त्यात. नऊ आपल्याकडची, हळदीची, घाण्याची, देवाला बोलावण्याची. तीन गोल गोल अक्षरांची, पूर्णिमा म्हणाली उडिया आहेत. ती तिन्ही आली. आपली नऊच्या नऊ आली नाहीत. मशीन म्हणालं, सापडत नाहीत. मी ती जुन्या फोनवर ऐकून पाहिली. कोणत्या बाया गातात कोण जाणे, सूर बरा आहे, पण देवांची नावं घ्यायला अर्ध्यावर विसरतात, आणि खंडोबाला तर बोलावलेलंच नाही. अशी हळद लागते का कुठे? उडिया मुलगा असेल तर असू दे. भात खातात ते लोक, निदान दोन वेळा भाकरी थापायच्या कामातून सुटशील. मी खकनारच्या त्या घराला शब्द देऊन बसले होते, तुला न विचारता. त्या मुलाचं लग्न झालं मार्गशीर्षात. त्याची आई सुनेला नळाचं पाणीसुद्धा विचारून भरायला लावते, असं ऐकलं. म्हणजे तू नाही म्हणालीस ते काही चूक नव्हतं. एवढंच लिहिते, याहून जास्त माझ्याकडून लिहून घेऊ नकोस.

पत्र लिहिलं ते याच्यासाठी. तू निघालीस त्या दिवशी दारात मी म्हणाले होते, तुझा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडू देऊ नकोस. जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, ना केसांना तेल लावलंस, ना कारलं खाल्लंस, आणि हे एवढं मात्र अकरा महिने अक्षरशः पाळलंस. ते वाक्य मी परत घेते. रागात नव्हते म्हणाले, चुकीचं म्हणाले. सोळा तारखेच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट पूर्णिमेने काढलंय, माझं आणि रंजिताचं. भूपेंद्र काल विचारत होता की गाडीत तिसरी जागा मिळेल का, मी म्हटलं, दराब्याच्या मिठाईचा डबा धरायला माणूस लागेलच. ती नऊ गाणी मी गाईन, सगळ्या देवांना बोलावून. तू फक्त स्टेशनवर ये. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, गर्दीत तुला ओळखणार नाही, तेव्हा हात हलवत बसू नकोस. फलाटावर मोठ्याने हाक मार.

तुझीच, अजून तुझ्याच खात्यातली,
मालूआजी