वरण-भाताविना व्हिएतनाम

७ सप्टेंबर, रविवार
राजेशकडे जेवायला गेलो होतो. डिसेंबरात आम्ही चार जोडपी व्हिएतनामला जाणार, तो विषय निघाला. राजेशला पुण्याची एक टूर सापडली आहे. सोबत स्वयंपाकाचे महाराज नेतात, हनोईतसुद्धा रोज गरम वरण-भात. माझं डोकंच फिरलं. अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये इतकी वर्षं काढून शेवटी वरण-भात! सगळ्यांसमोर जाहीर केलं की प्लॅन मी करतो. फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसायचं, तिथले लोक खातात तेच खायचं. ५ ऑक्टोबरला दोन्ही प्लॅनवर मतदान. हरलो तर या ग्रुपमध्ये पुन्हा तोंड उघडणार नाही, असंही बोलून गेलो. बायको, नंदा, टेबलाखालून पाय मारत होती. कौतुकाने असावं.

९ सप्टेंबर, मंगळवार
संकल्प: दर वीकेंडला सॅन होजेच्या व्हिएतनामी वस्तीत जाऊन एकेक व्हिएतनामी पदार्थ खायचा. आधी स्वतः तयार व्हायचं, मग इतरांना शिकवायचं. ग्रुपवर तसं लिहिलं. राजेशने नुसता अंगठा टाकला. जळतो.

१३ सप्टेंबर, शनिवार
फो, म्हणजे त्यांचं सूप. वाडगा केवढा! तांदळाच्या शेवया, वर चिकन, शेजारी तुळस, मुगाचे मोड आणि लिंबू यांचं वेगळं ताट. वास उत्तम. चव सौम्य. तापातून उठलेल्या माणसाला देतात तशी. नंदाने वाडगा तोंडाला लावून संपवला. मी निम्म्यावर थांबलो, कारण लीडरने पोट हलकं ठेवावं. घरी आल्यावर थोडा दहीभात घेतला, फक्त तोंड साफ करायला. लसणाची चटणीसुद्धा त्याचसाठी.

२० सप्टेंबर, शनिवार
कॉफी. ग्लासावर एक छोटा फिल्टर ठेवून देतात. त्यातून थेंब थेंब कॉफी गळते, खाली कंडेन्स्ड मिल्क. वाट बघायची असते हे मला माहीत होतं. किती, ते त्यांनी सांगायला नको? फिल्टर उचलला, बोट भाजलं, कॉफी शर्टावर. आन्या, म्हणजे आमची मुलगी, बर्कलीहून मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "बाबा, जस्ट वेट." बापाला अक्कल शिकवते. तिने बर्फ घालून दोन ग्लास कॉफी प्यायली. बान्ह मी नावाचं सँडविचही तिनेच खाल्लं, कारण माझं बोट दुखत होतं. पण मी जवळून पाहिलं. खाल्ल्यात जमा.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. यंदा नवरात्रात बाहेरचं काही खायचं नाही असं ठरवलं. नंदा म्हणाली, लग्नापासून तुला नवरात्र कधी सुरू होतं हे मीच सांगत आले, आजच कसं आठवलं? श्रद्धा वयानुसार वाढते, हे तिला कोण सांगणार.

२७ सप्टेंबर, शनिवार
नंदा आणि राजेशची बायको दीपा माझ्याशिवायच सॅन होजेला गेल्या. राजेश गाडी चालवायला. बान्ह शेओ खाल्लं म्हणे, हळद घातलेलं घावन, आत कोळंबी. वर उसाचा रस. तिघंही फार खूश. अर्थात हे सगळं माझ्या मार्गदर्शनाचं फळ. मी घरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोनदा.

२८ सप्टेंबर, रविवार
ड्युरियन आणलं. फळ उपासाला चालतं, तेव्हा तेवढा तरी अभ्यास व्हावा. कापून किचनमध्ये ठेवलं आणि डुलकी काढली. उठलो तर घरभर वास, नक्की गॅस लीक. ताबडतोब गॅस कंपनीला फोन केला. माणूस आला, मशीन घेऊन घरभर फिरला, ड्युरियनपाशी थांबला आणि हसत निघून गेला. नंदाने ते फळ दीपाला देऊन टाकलं. राजेशने संपवलं असं ऐकतो. बिचारा, हावरट.

४ ऑक्टोबर, शनिवार
उद्या मतदान, म्हणून आज आठही जणांची रंगीत तालीम. ऑर्डर मी केली. आधी पातळ, गोल, कडक चकत्या आल्या. मी समजावलं की हे इथले पापड. तुकडे करून सर्वांना वाटले. पापड टाळूला चिकटला. तेवढ्यात हॉटेलातल्या आजी गरम पाणी घेऊन आल्या. चकती पाण्यात बुडवून मऊ केली, आत पाला, शेवया, कोळंबी भरली आणि गुंडाळून दीपाच्या हातात दिली. अशीही एक पद्धत दिसते.

त्यानंतर सगळे एकदम गप्प. मान खाली घालून गुंडाळत होते, खात होते, कुणी वर बघेना. मला कळायचं ते कळलं. कुणालाही आवडलेलं नाही, भिडेखातर गिळताहेत. वाईट वाटलं. उद्या मी हरणार आणि तेही राजेशसमोर.

पण खरा लीडर आधीच पुढचं बघतो. घरी येऊन राजेशच्या त्या टूरची वेबसाइट उघडली. थोड्याच सीट उरल्यात. लगेच दोन बुक केल्या. पैसे परत मिळत नाहीत. मेन्यूत पिठलं आहे, पण त्याचा या निर्णयाशी संबंध नाही. नंदाला उद्या सरप्राइज.

५ ऑक्टोबर, रविवार
मतदान झालं. सगळी मतं माझ्या प्लॅनला. पहिला हात राजेशचा. म्हणाला, "श्रीराम, तू आमचे डोळे उघडलेस यार. महाराज बिहाराज कॅन्सल." दीपाने मला गुरू म्हटलं. टाळ्या वाजल्या. आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. डोळे भरून आले. लोकांना वाटलं आनंदाने.

गाडीत नंदाला दोन सीटचं सांगितलं. ती म्हणाली, "मी बाकीच्यांबरोबर जाणार. त्या दुसऱ्या सीटवर तुझी बॅग ठेव."

घरी येऊन टूरवाल्यांना पुण्यात फोन लावला. कॅन्सल होणार नाही म्हणाले. म्हणजे बाकीचे सात जण माझ्या प्लॅनने जाणार आणि मी राजेशच्या. फोनवरच्या मुलीने मग फार गोड आवाजात विचारलं, काका, हनोईत पहिल्या दिवशी नाश्त्याला पोहे की उपमा?

दोन्ही म्हणालो.