प्राचार्यांचे सतरा लाल संदर्भ

उदगीर, मंगळवार

परममित्र रेणुकादासराव यांस,

गुरुपादप्पाचा शरणार्थ. तुमचे गुडघे आणि वहिनींचा बीपी ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे शिवम्मा (आमच्या सौभाग्यवती) खुशाल. मला मात्र काल कॉलेजकडून कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मी ताठ मानेनं सही करून घेतली. का, ते सांगतो.

किल्लारीची वर्षाराणी आमच्याकडे पीएच.डी. करत होती. तिचा प्रबंध संदर्भसूचीपायी दोनदा परत आला; कुठं साल नाही, कुठं स्वल्पविराम नाही. पोरगी वाचनकक्षात बसून रडली. (रडणारं माणूस मला बघवत नाही, त्यातून ‘शांतता राखा’च्या पाटीखाली.) म्हणून ग्रंथालयाची ऑनलाइन यादी मी संदर्भ सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरला जोडली. पुस्तकावर क्लिक केलं की लेखक, साल, प्रकाशक सगळं थेट विद्यार्थ्याच्या सूचीत. पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या ग्रंथालयातले सगळ्यात मोठे लेखक म्हणजे ‘इतर, व.’; त्यांच्या नावावर सहाशे बारा पुस्तकं. जुन्या नोंदींत ‘शंकरप्पा व इतर’ असं लिहिलेलं, यंत्रानं ‘इतर’ हे आडनाव धरलं. चार महिने मी एकेक नोंद दुरुस्त करत बसलो होतो. पण वर्षाराणीचा प्रबंध स्वीकारला गेला.

मग तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी सगळ्या प्राध्यापकांचे शोधनिबंध त्यात घालायला सांगितले, आणि मोठ्या मनानं म्हणाले, सुरुवात माझ्यापासून करा. केली. एक्केचाळीस संदर्भ होते. जे पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही ते हे सॉफ्टवेअर लाल दाखवतं. सतरा लाल निघाले. मी नांदेड, लातूर, सगळीकडं फोन लावले. एका ग्रंथाचे लेखक तर चौकशीअंती साहेबांचे सासरेच निघाले. बिलोलीला त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि बिलापलीकडं त्यांनी काही लिहिलेलं न्हाई, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, “गुरुपादप्पा, ती जोडणी उद्यापासून बंद. व्हायरस आलाय असं लिहून द्या.”

माझी नोकरी दोन वर्षं उरलीय, पेन्शन त्यांच्या सहीवर. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. तरी म्हणालो, “साहेब, जोडणी चालूच राहील. पुस्तकं आणून दाखवा, लाल रंग आपोआप जाईल.”

त्यावरून ही नोटीस; ग्रंथालयानं प्राचार्यांचा मानसिक छळ केला म्हणे. मी दोन ओळींत उत्तर दिलं आणि खाली शिस्तीत संदर्भसूची जोडली. त्यात एकच नोंद, त्यांची नोटीस. दुपारी वर्षाराणी तेवीस संशोधकांच्या सह्या घेऊन कार्यालयात जाऊन बसली. आता शनिवारी संस्थेपुढं सुनावणी आहे. तोवर जोडणी चालू आहे आणि चालूच राहणार. खोट्या संदर्भाला माझ्या ग्रंथालयात जागा न्हाई, मग तो कुणाचाही असो.

तुमचा,
गुरुपादप्पा

ता. क. साहेबांनी आज माझा स्वतःचा जुना प्रबंध त्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. एक संदर्भ लाल आला: तुमचं पुस्तक, १९९८, पान ११२. तुम्ही तेव्हा लिहितो म्हणाला होतात, मी विश्वासानं टाकलं. तरी शुक्रवारपर्यंत लिहून पाठवा.

ता. क. दुसरा: किमान एकशे बारा पानं व्हावीत. शेवटच्या पानावर काय हवं ते सोबत लिहून पाठवलंय. बाकी विषय तुमच्या आवडीचा.