एक बाजू घ्या

३ तारीख. भोजनोत्तर.
लेकीला महिनाअखेर बाळ होणार. पाळणा मी स्वहस्ते करणार, असे जाहीर केले. जावई म्हणाले, बाबा, दुकानात चांगले मिळतात. मी केवळ स्मित केले. अज्ञानास क्षमा असावी. जुन्या दाराची उत्तम फळी आहे. सुताराकडून प्लेनर, म्हणजे फळी आत सरकवली की तासून बाहेर देणारा विजेवरचा रंधा, उसना मिळतो आहे.

५ तारीख.
यंत्र आले! माहितीपुस्तिकेचे साद्यंत पारायण. यंत्र टेबलाला बोल्टने आवळले. प्लग काढून मगच पाती तपासली. सैल बाह्या वर्ज्य. चष्म्यावर गॉगल, कानांत बोळे. बायको डोकावून काहीतरी बोलली. मला ऐकू आले नाही, तेव्हा तिने खुणांनी विचारले, चंद्रावर निघाला आहात काय? अपमानाला ध्वनीची गरज नसते.

७ तारीख.
फळीतून अकरा खिळे उपटले. लोखंड पात्याचे वैरी. चुंबक फिरवला आणि बारावाही सापडला! आनंदातिशयाने ओरडलो, शेजारी धावून आले. फळी किंचित वाकलेली आहे, टेबलावर ठेवताच डुलते. सुतार जाता जाता म्हणाला, काका, आधी हातरंध्याने एक बाजू घ्या, मग मशीनला घाला.
हसू आले. आई आणि बायको यांच्यामध्ये तीस वर्षे काढली, तेव्हा एक बाजू घेतली नाही. आता फळीची घेऊ? समत्व हाच धर्म. एकदा वरची, एकदा खालची. पूर्ण न्याय.

८ तारीख. सकाळी १०.
पहिली फेरी. ब्रह्मानंद! पंचवीस मिलिमीटरची चोवीस झाली. स्पर्श लोण्याचा. डुलते मात्र अजून.

दुपारी १२.
अठरा. डुलते. वासनाक्षयाला वेळ लागतोच.

४ वाजता.
अकरा. बायकोने विचारले, पाळणा करताय की फूटपट्टी? कानांकडे बोट दाखवले. (बोळे.)

९ तारीख.
सुताराने फळी डोळ्यासमोर धरली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, अहो काका, बाजू घ्या म्हणजे एक बाजू सपाट करा! मशीनमधले रोलर दाबून धरतात तोवर फळी सरळ, सुटली की परत वाकडी. मशीन जाडी सारखी करतं, स्वभाव नाही बदलत.
व्यवसायाची भाषा इतकी संदिग्ध असू नये. संकल्प: एकच फेरी, अखेरची.

सायंकाळी.
फळीचे चार तुकडे झाले. मी यंत्राच्या समोर नव्हे, कडेला उभा होतो. पुस्तिकेत तसेच सांगितले आहे. अर्थात पूर्वतयारी निर्दोष होती.

२९ तारीख.
नात झाली! सर्व सुखरूप. पाळणा दुकानातला, जावयांनी आणलेला. बरा आहे. लेकीने दोरी माझ्या हाती दिली: बाबा, आता झोके तुमचे. मी पाळण्याचा समतोल, दोरीचा कोन, झोक्याची लय यांचा विचार करून शास्त्रशुद्ध झोके देऊ लागलो. नातीने घर डोक्यावर घेतले. विसाव्या मिनिटाला हात भरून आला, दोरी सोडली.
तत्क्षणी झोपली.