ठोंब्याचं उरकलं

रविवार, १४ तारीख, दुपार

अहो,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. धाकटीचा पुढचा दात पडला, थोरला गणितात कसाबसा तरला, आईंचे गुडघे कुरकुरतायत पण तोंड शाबूत आहे. गाड्यांच्या सीट कव्हरांचं काम इतकं आलंय की मशीनवरून उठायला फुरसत नाही. तुमच्या पुलाचं वेल्डिंग कुठवर आलं? डोळ्यांवर चष्मा लावत जा.

फोनवर हा विषय काढला की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र. तर ऐका. ठोंब्याची नसबंदी मी करून आणली.

ओरडून घ्या, मग पुढे वाचा.

डॉक्टरीणबाईंनी तो पिल्लू असतानाच सांगितलं होतं, मोठ्या हाडाचं कुत्रं आहे, वाढ पुरी होऊ द्या, मग मात्र चालढकल करू नका. वाढ पुरी होऊनही वर्ष लोटलं. चालढकल आपण केली, म्हणजे तुम्ही. "मर्दाच्या जातीला असलं काही करायचं नसतं," हे तुमचं शास्त्र. तुमचा मर्द रोज फाटकावरून उडी मारून गावभर हिंडत होता. एकदा कान फाडून आला. एकदा टेम्पोखाली जाता जाता वाचला, टेम्पोवाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या. लॉन्ड्रीवालीच्या कुत्रीला पिल्लं झाली, सगळ्यांना आपल्या साहेबांसारखेच वाकडे कान! तिनं टोपली आणून दारात ठेवली. म्हणाली, "घ्या, तुमची नातवंडं. दूध तुम्हीच पाजा." तिचं खरंच होतं. त्या पिल्लांना घरं शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या.

तरी तुम्ही आईंना शपथ घालून पहाऱ्याला बसवलंत. मुक्या जिवाचा तळतळाट लागेल म्हणत त्या ठोंब्याची साखळी उशाखाली घेऊन झोपायच्या.

मग त्यांनीच ती कशी काढून दिली, ते सांगायला हवं. सांगणार नव्हते, पण लिहायला बसलेच आहे.

मागच्या महिन्यात माझी पाळी चुकली. तुम्हाला कळवलं नाही. मशीनवर बसले तर डोळ्यांना सुई दिसेना. आईंना वाटलं गोड बातमी. त्या हसत जवळ आल्या आणि मी हमसून हमसून रडायला लागले. मग सगळं सांगितलं. धाकटीच्या वेळी मी कशी वाचले, आणि डॉक्टर आपल्या दोघांना समोर बसवून काय म्हणाले. तिसरं बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल, हिचं पोटही आता पुन्हा उघडायला नको, तुमची शस्त्रक्रिया करून घ्या, अगदी छोटी असते. तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन आईंना काय सांगितलंत? "डॉक्टर म्हणाले, तिसऱ्याला जरा दम धरा." त्या बिचाऱ्या इतकी वर्षं दम धरून बसल्या होत्या.

पुढे पाळी आली, मी सुटले. त्या दिवशी आईंनी उशाखालची साखळी माझ्या हातात ठेवली.

"ऊठ पोरी. आधी या ठोंब्याचं उरकून टाकू. मग माझ्या ठोंब्याकडे बघते."

सकाळी उपाशी नेला, संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आला. टाके चाटू नयेत म्हणून मी उरलेल्या रेक्झिनचा गळपट्टा शिवला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो भिंतींना आपटत जाऊन धाकटीच्या हातातला पाव पळवला. भुंकणं तेच, रुबाब तोच, पोस्टमनशी वैरही तेच. अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, असं तुम्ही म्हणता ना? मी बारकाईनं बघतेय. दिसला की कळवीन.

तुमच्या सुट्टीतली तारीख मी डॉक्टरांकडून घेऊन ठेवली आहे. आई सोबत येणार आहेत, स्वतःहून म्हणाल्या. भीती वाटत असेल तर वाटू द्या. मी दोनदा त्या टेबलावर गेले, मलाही वाटली होती, आणि मला कुणी पुढच्या खेपेला या म्हणालं नव्हतं. तुमचा हात धरायला मी असेन. पण "बघू", "विचार करतो" यातलं काही मी ऐकून घेणार नाही. ते उरकेपर्यंत तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत.

लोक काय म्हणतील ते म्हणोत. पोरं लहान आहेत, आणि मला तुमच्याशी भांडत भांडत म्हातारी व्हायचंय.

जिवंत राहायचा हट्ट धरलेली,
तुमची बायको