केबिनमधली किरकिर

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा नंतर सापडतात आणि मधली पानं कोरी निघाली की संशोधकांची पंचाईत होते. आपल्याकडून ती होणार नाही.
पहिली नोंद: मानवी अवकाश-उड्डाणांचा इतिहास चर्चिणाऱ्या ऑनलाइन मंडळात मला आज तीन महिने झाले. सभासद दोनशे बारा. बहुतेक इंजिनिअर, काही डॉक्टर, एक निवृत्त वैमानिक. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा मी एकटाच. अर्थात हे तिथे कुणाला ठाऊक नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये 'रोटेटिंग मशिनरी' लिहिलंय. खोटं काय आहे त्यात?

४ जून
मंडळात लिहिलं, की अवकाशात गेलेला पहिला माणूस यानात बसूनच जमिनीवर उतरला. 'दशांश' या टोपणनावाच्या सभासदाने चार मिनिटांत दुरुस्ती केली. तो माणूस सात किलोमीटर उंचीवर यानाबाहेर पडला आणि पॅराशूटने वेगळा उतरला म्हणे. खाली एकतीस लाइक. दशांश माझ्यावर डूख धरून आहे. तरी मोठ्या मनाने मीही लाइक दिला. बत्तीस.
संकल्प: लिहिण्याआधी वाचणे.
ही म्हणाली, कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरतोय, जगाचे पंखे नीट करता, घरचाही बघा. नोंद घेतली. (ही तीच नोंद.)

५ जून
संकल्प मोडला. वाचत बसलो असतो तर माझ्याआधी दुसऱ्याने लिहिलं असतं.

९ जून, संध्याकाळ
घाईत लिहितोय, अक्षराकडे दुर्लक्ष करावं.
कक्षाताईंनी मंडळावर एक क्लिप टाकली. ताई म्हणजे आमच्या ॲडमिन. निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखन चुकलं की पोस्ट परत पाठवतात. क्लिप म्हणजे एका जुन्या उड्डाणात केबिनमध्ये रेकॉर्ड झालेला अकरा मिनिटांचा आवाज. लोक अंगावर काटा आल्याचं लिहीत होते. मी काटा बाजूला ठेवून ऐकलं. चौथ्या मिनिटाला मागे बारीक किरकिर. दोनशे बारापैकी कुणाला ऐकू आली नाही. मला आली. बत्तीस वर्षं या दोन कानांवर संसार केलाय.
निदान: पंख्याचं बेअरिंग कोरडं. दोन आठवड्यांत जाम.
माणसं वर लटकलेली, पंखा शेवटच्या घटका मोजतोय आणि इतिहासात कुणी चकार शब्द काढलेला नाही. मी काढणार.

१० जून
काढला. दशांशने विचारलं, कोणता हेडफोन वापरता, मला तर काहीच ऐकू येत नाही. मी कळवलं, उघडे कान. हेडफोन ही कानाची कुबडी आहे. यावर त्याने नुसता लाइक दिला. बहुतेक लाजला.

११ जून
दुकानात फोनवर क्लिप ऐकली. किरकिर नाही. फोनचा स्पीकर भिकार. घरी कॉम्प्युटरवर ऐकली. आहे. वर आणखी एक शोध लागला. शेवटाकडे आवाज वाढत जातो, आणि लगेच दुसऱ्यांदा लावली तर सुरुवातीपासूनच मोठा येतो. जितकं ऐकावं तितकं नवं सापडतं, हेच अस्सल ऐतिहासिक साधनाचं लक्षण.
पुन्हा हिचं कॉम्प्युटरपुराण. सांगितलं, घरच्या कामालाही नंबर लागतो.

१३ जून
आनंदाला पारावार नाही. रविवारच्या ऑनलाइन सभेत भाषण द्यायला कक्षाताईंनी मला बोलावलंय. शिवाय खासगीत कळवलं, की आता डोळे साथ देत नाहीत, ॲडमिनपद कुणा जाणत्याकडे सोपवायचंय. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.
तयारीला लागलो. अवकाशात गरम हवा वर जात नाही. पंखा नसेल तर माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचतो. म्हणजे तिथे पंखा बंद तर माणूस बंद. हे वाक्य वहीत दोनदा उतरवून घेतलं. शाळा नववीत सुटली. पंखेवाला म्हणून लग्नाच्या पंगतीतही मला जेवणाआधी पंखा बघायला सांगतात. रविवारी शिकलेली माणसं त्याच पंख्यासाठी माझं ऐकणार.

१६ जून
भाषणासाठी जुना सूट काढला. अवकाशात यानाबाहेर पडलेल्या पहिल्या माणसाचा सूट फुगला होता, आत परतण्यासाठी त्याला सूटमधली हवा सोडावी लागली. माझं उलट. सूट होता तेवढाच आहे, मी फुगलोय. हवा सोडून बघितली. दोन बटणं लागली. धाकटी लेक म्हणाली, बाबा, कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं, खाली लुंगी चालेल. पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली.

१८ जून, रविवार, सकाळी दहा
सर्व सज्ज. ॲडमिन झाल्यावर पहिलं काम: दशांशला माफ करणे.

१८ जून, दुपारी एक
झालं ते क्रमाने लिहितो.
सभेला एकशे चाळीस जण. आवेशात मी सांगूनच टाकलं, की मी इंजिनिअर नाही, पंखेवाला आहे. कुणी हसलं नाही. उलट ताई म्हणाल्या, मग तर नीट ऐकायलाच हवं. क्लिप लावली. चौथ्या मिनिटाला विचारलं, येतंय ऐकू? आणि काय सांगू, सगळ्यांना येत होतं. वैमानिकसाहेबांना आलं, डॉक्टरांना आलं. दशांशने लिहिलं, 'माफ करा, आता अगदी स्पष्ट येतंय.' आयुष्यात इतका उंच मी कधी गेलो नव्हतो.
अकरा मिनिटं झाली. क्लिप संपली. मी टाळ्यांसाठी थांबलो. शांतता. म्हणजे संपूर्ण नव्हे. किरकिर चालू होती.
ताईंनी विचारलं, "भाऊ, क्लिप संपली ना?"
म्हटलं, "संपली."
"मग हे यान अजून कुठे निघालंय?"
तेवढ्यात दारातून ही, माइक चालू असताना: "महिनाभर सांगतेय, त्या डबड्याचा पंखा बघा."
मग कर्रर्र असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. मी सूट आणि लुंगीत बसून होतो. एक बटण उडालं.

१९ जून
दुकानातून फोनवर मंडळ उघडलं. दशांश ॲडमिन झाला. पहिली दुरुस्ती म्हणून त्याने मी पाठवलेल्या सभेच्या वृत्तांतात एकशे चाळीसचे एकशे एकोणचाळीस केले. मी स्वतःलाही मोजलं होतं.
ताईंनी माझ्यासाठी वेगळा विभाग काढलाय: 'घरगुती पंखे'. सकाळपासून सत्तावीस प्रश्न. अवकाशाबद्दल एकही नाही. पहिलाच प्रश्न दशांशचा, स्वयंपाकघरातला पंखा वाजतो म्हणून. आवाज पाठवलाय. कळवलं, आधी बाकी सगळं बंद करून पुन्हा रेकॉर्ड करा.
घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. बेअरिंग ठणठणीत कोरडं. दोन आठवडे म्हटलं होतं, नवव्या दिवशी जाम.
निदान अचूक. यान तेवढं चुकलं.